जपणं म्हणजे काय? बाटलीतलं शेवाळ आणि खाचरातली माती



विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल की, ज्याचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं तो माणूस शेवाळावर काय बोलणार? शंका रास्त आहे. पण या विषयाच्या पोटात आमच्या शास्त्रातला एक जुना प्रश्न आहे. एखादी गोष्ट 'जपून ठेवली' असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय जपलेलं असतं? शेवाळ वर्षानुवर्षं साठवून ठेवण्याचा जो इतिहास आहे, तो म्हणजे या प्रश्नाची सव्वाशेहून अधिक वर्षं चाललेली परीक्षाच आहे. आणि त्या परीक्षेचा एक पेपर भोर-वेल्ह्याच्या भातखाचरांत दर पावसाळ्यात सोडवला जातो. म्हणून आज इथं हा विषय घेतला.

आधी शेवाळ म्हणजे कुठलं ते सांगतो. विहिरीच्या पायरीवर पाय घसरतो ते शेवाळ आपल्याला ठाऊक आहे. मी बोलणार आहे ते सूक्ष्मशैवालांबद्दल. एकेक पेशीचा जीव, किंवा पेशींची बारीक माळ. आवणी झाल्यावर खाचरात पाणी थांबतं आणि काही दिवसांत पाण्यावर, चिखलावर हिरवट-निळसर साय धरते, त्यात ही मंडळी असतात. त्यातलं 'निळं-हिरवं शेवाळ' काटेकोर बोलायचं तर जिवाणूंच्या कुळातलं, सायनोबॅक्टेरिया. पण शेतकरी आणि कृषी खातं दोघंही त्याला शेवाळच म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणतो.

आता हे जपायचं कसं? पहिला मार्ग तुमच्या स्वयंपाकघरात आहे. विरजण. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात, आजच्यातलं उद्याच्या दुधात. दही खाऊन संपतं, विरजण चालू राहतं. प्रयोगशाळेतही तेच करतात. काचेच्या नळीत आगरचा तिरपा थर, त्यावर शेवाळाचा ठिपका, मंद उजेड, पंधरा-वीस अंश तापमान. काही आठवडे किंवा काही महिने गेले की त्यातला कणभर नव्या नळीत. उजेड मंद आणि हवा गार का? तर वाढ सावकाश व्हावी, म्हणजे विरजण वारंवार लावावं लागू नये. साठवणीची परिस्थिती म्हणतात ती पहिल्यांदा इथं येते. उजेड, उष्णता आणि खाणं या तिन्हींना लगाम घालायचा, पण श्वास बंद पडू द्यायचा नाही.

हे सुरू झालं हॉलंडमध्ये. डेल्फ्ट गावी मार्टिनस बायरिंक नावाचे शास्त्रज्ञ होते. १८८९ साली त्यांनी एक गोल हिरवी पेशी इतर सगळ्यांपासून वेगळी काढून वाढवली आणि १८९० साली तिला 'क्लोरेला व्हल्गॅरिस' हे नाव देऊन प्रसिद्ध केलं. शेवाळाचं शुद्ध कल्चर मिळवण्याच्या अगदी सुरुवातीच्या यशांपैकी हे एक. मला नवल वाटतं ते पुढचं. ती वंशरेषा आजही जिवंत आहे. जर्मनीत गटिंगेनच्या संग्रहात ती क्रमांकानिशी नोंदलेली आहे आणि मागणी केली तर मिळते. म्हणजे १८८९पासून आजपर्यंत, दोन महायुद्धं धरून, कुणीतरी, कुठंतरी, न चुकता विरजण लावत आलं. त्यातल्या बहुतेकांची नावं इतिहासात नाहीत.

एका माणसाचं नाव मात्र आहे. अर्न्स्ट गेओर्ग प्रिंग्जहाइम. प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांनी शेवाळांचा संग्रह उभा केला होता. प्रिंग्जहाइम ज्यू होते. १९३८ साली ते इंग्लंडला गेले आणि बरोबर कल्चरच्या प्रती नेल्या. केंब्रिजला त्यांचा संग्रह रुजला, त्यातून आजचा ब्रिटिश राष्ट्रीय संग्रह झाला. पुढे रिचर्ड स्टार नावाचा तरुण अमेरिकन त्यांच्याकडे शिकायला आला. परत जाताना तो प्रती घेऊन गेला, १९५३ साली इंडियाना विद्यापीठात त्याचा संग्रह सुरू झाला आणि १९७६ साली तो टेक्सासला हलला. प्रिंग्जहाइम स्वतः १९५३ साली जर्मनीत परतले आणि गटिंगेनचा संग्रह त्यांच्याच प्रतींतून उभा राहिला. जगातले तीन मोठे संग्रह असे एकाच घरच्या विरजणातून निघाले. गावाला गेल्यावर आपलं विरजण मोडतं तेव्हा आपण वाटी घेऊन शेजारी जातो. शेजारणीकडचं विरजणही कधीकाळी आपल्याकडूनच गेलेलं असतं. साठवणीचा हा पहिला नियम समजा: एकाच ठिकाणी ठेवलेली वस्तू साठवलेली नसते, ती फक्त अजून हरवलेली नसते.

आता आमच्या शास्त्राचा प्रश्न. १८८९ची पेशी आणि आजची पेशी एकच का? 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. त्यात नागसेन दिव्याचा दाखला देतात. रात्रभर एकच दिवा जळतो. पहिल्या प्रहराची ज्योत तीच शेवटच्या प्रहराची का? तीच नाही आणि दुसरीही नाही. दिव्याच्या आधारानं ती सलग चालत आली. त्याच ठिकाणी दुधाचं दही, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप हाही दाखला येतो. आपल्या विरजणाशी कसा जुळतो पाहा.

प्रयोगशाळेतल्या लोकांना हा प्रश्न शब्दांचा खेळ म्हणून सोडून देता येत नाही, कारण ज्योत खरोखर बदलते. तीन उदाहरणं देतो.

पहिलं स्पिरुलिनाचं. गोळ्या आणि पावडर म्हणून विकतात ते. त्याची माळ मुळात स्प्रिंगसारखी वेटोळी. वर्षानुवर्षं नळीत ठेवलेल्या कल्चरमध्ये सरळ माळा दिसू लागतात आणि एकदा सरळ झालेली पुन्हा वेटोळी होणं अवघड.

दुसरं डायटमचं. या पेशीचं कवच गारेच्या जातीचं, म्हणजे सिलिकाचं असतं आणि त्याची रचना डबा आणि झाकण अशी. पेशी दुभंगते तेव्हा एका लेकीला झाकण मिळतं, दुसरीला डबा. पण दोघीही आपल्या वाट्याचा भाग झाकण म्हणून वापरतात आणि आतला डबा नवा करतात. म्हणजे जिच्या वाट्याला जुना डबा आला ती आईपेक्षा लहान. पिढ्यामागून पिढ्या सरासरी आकार घटत जातो. १८६९ साली मॅकडोनाल्ड आणि फिट्झर या दोघांनी हे स्वतंत्रपणे मांडलं. निसर्गात लैंगिक पुनरुत्पादन झालं की आकार पुन्हा पूर्ववत होतो. बाटलीत तो योग आला नाही, तर लहान होत होत एक दिवस कल्चर संपतं. काळजीत कसूर नाही, पाणी-उजेड व्यवस्थित, तरी संपतं.

तिसरं उदाहरण आपल्या भाताच्या जवळचं. नॉस्टॉक, अ‍ॅनाबीना ही निळी-हिरवी शेवाळं हवेतला नायट्रोजन पकडून त्याचं खत करतात. त्यासाठी माळेत मधूनमधून जाड भिंतीच्या खास पेशी असतात, हेटरोसिस्ट. कल्चर जोमानं वाढावं म्हणून खाण्यात आयतं नायट्रेट घातलं, तर या पेशींची गरज उरत नाही. फार काळ असं चाललं तर त्या करण्याची क्षमताच गमावलेले प्रकार पुढे येऊ शकतात. म्हणून जाणती माणसं असं शेवाळ नायट्रोजन नसलेल्या पाण्यावरच ठेवतात. ज्या गुणासाठी जपायचं, त्या गुणाला काम दिलं पाहिजे. हे फक्त शेवाळाला लागू आहे असं मला वाटत नाही.

तर चालू ठेवून जपावं तर बदलतं. मग दुसरा मार्ग: थांबवणं.

१९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी दाखवलं की ग्लिसरॉल घालून गोठवलेले कोंबड्याचे शुक्राणू वितळल्यावर पुन्हा हलतात. तिथून गोठवण-साठवणीचं शास्त्र धावू लागलं. गावागावांत गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी जो द्रवरूप नायट्रोजनचा कॅन येतो, तो याच वाटेनं आला. शेवाळासाठी हेच तंत्र जी. जे. मॉरिस यांनी ब्रिटिश संग्रहात वापरलं. १९७८ साली त्यांनी क्लोरेलाच्या नात्यातल्या २५० वाणांचा वृत्तांत छापला. रीत दोन टप्प्यांची. आधी पेशी हळूहळू थंड करायच्या, म्हणजे पेशीतलं पाणी बाहेर निघून जातं आणि आत बर्फाचे सुळे होत नाहीत. मग एकदम उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये. तिथं पाणी काचेसारखं होतं आणि रासायनिक घडामोड जवळजवळ ठप्प होते. काळ थांबतो म्हणा.

घरच्या फ्रीजरचं उणे वीस पुरत नाही का? नाही पुरत. तिथं बर्फ हळूहळू वाढत राहतो आणि पेशी फाडतो. आणखी एक बारकावा मला फार आवडतो. गोठवलेलं शेवाळ वितळवतात झटकन, कोमट पाण्यात. पण त्यानंतर त्याला लगेच उजेडात नेत नाहीत. दिवसभर अंधारात ठेवतात. उजेड हे त्याचं अन्न, पण दुखावलेल्या पेशीला तो उजेडच जाळतो. फार दिवसांच्या उपाशी माणसाला आपण पहिल्या दिवशी पंगतीला बसवत नाही, पेज देतो. तसं.

या मार्गालाही मर्यादा आहेत. छोट्या गोल हिरव्या पेशी सुखरूप परततात. मोठ्या, लांब माळांच्या किंवा नाजूक कवचाच्या अनेक जाती परतत नाहीत. जिवाणू आणि बुरशीसाठी सोयीची असलेली गोठवून सुकवण्याची पद्धत बहुतेक सूक्ष्मशैवालांना मानवत नाही. आपलं पुणं या बाबतीत भाग्यवान शहर आहे. शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी पाया घातलेली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी १९४६ची. १९९२पासून ती आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह १९५१चा. आणि २००९ साली सुरू झालेला सूक्ष्मजीव संग्रह आज राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे. भोरहून तासा-दीड तासाच्या अंतरावर एवढी राखण चालते. मी मुद्दाम 'राखण' म्हणतो. नायट्रोजन रोज उडून जातो, तो भरावा लागतो. म्हणजे थांबवलेल्या गोष्टीलाही चालता माणूस लागतोच.

तिसरा मार्ग सर्वांत जुना आहे: वाळवणं. त्याची गोष्ट इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडची. १८४३ साली सुरू झालेलं हे शेती संशोधन केंद्र. तिथं शेतातली माती वाळवून बाटल्यांत भरून, लेबल लावून ठेवण्याचा रिवाज होता. हेतू मातीच्या रसायनाचा. शेवाळ कुणाच्या मनातही नव्हतं. पुढे म्युरिएल ब्रिस्टल या शैवालतज्ज्ञ बाईंनी त्या बाटल्यांतली चिमूट चिमूट माती निर्जंतुक पाण्यात टाकून उजेडात ठेवली. १९१९ साली त्यांनी निष्कर्ष छापले. सुमारे ७० वर्षं कोरड्या पडलेल्या मातीतून नॉस्टॉक आणि नोड्युलेरिया पुन्हा उगवले होते. संख्याशास्त्र शिकलेल्यांना या बाई वेगळ्या कारणानं ठाऊक असतील. कपात आधी दूध घातलं की चहा, हे चवीवरून ओळखता येतं असं म्हणणाऱ्या आणि त्यावरून रोनाल्ड फिशर यांना प्रयोगरचनेचा प्रसिद्ध दाखला पुरवणाऱ्या त्या ह्याच. १९४१ साली अमेरिकेत लिपमन यांनी ८७ वर्षं वनस्पतिसंग्रहात कागदावर वाळत पडलेला नॉस्टॉक पुन्हा जिवंत केला.

हे जमतं कसं? नॉस्टॉक स्वतःभोवती चिकट साखरेचं आवरण करतो, पेशीत ट्रेहॅलोज नावाची साखर साठवतो. पाणी गेलं तरी पेशीचा साचा मोडत नाही. उन्हापासून बचावाला आवरणात तपकिरी रंगद्रव्य असतं. तोरण्याच्या नाहीतर रायरेश्वराच्या कातळावर उन्हाळ्यात जे काळे पापुद्रे पायाखाली चुरतात आणि पहिल्या पावसात फुगून बुळबुळीत होतात, त्यांत याच गोतातली मंडळी असतात. अ‍ॅनाबीनासारखी शेवाळं वेगळं करतात: जाड भिंतीच्या निद्रिस्त पेशी तयार करतात. एक प्रकारे बियाणंच.

आता भाताकडे येऊ. १९३९ साली पी. के. डे यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दाखवलं की भातखाचरातला नायट्रोजन टिकवण्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचा मोठा वाटा आहे. १९५० साली बनारसच्या आर. एन. सिंह यांनी उसर जमीन सुधारायला ते वापरलं. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरमण यांनी शेतकऱ्याला करता येईल अशी रीत बसवली. पत्र्याच्या उथळ ट्रेमध्ये आठ-दहा किलो माती, २०० ग्रॅम सुपर फॉस्फेट, वर पाणी, त्यावर मूळ कल्चर शिंपडायचं. उन्हात पंधरवड्याच्या आत जाड साय धरते. पाणी आटू द्यायचं, सुकलेल्या खपल्या गोळा करून पिशवीत भरायच्या. लावणीनंतर आठ-दहा दिवसांनी हेक्टरी १० किलो खाचरात फेकायचं.

म्हणजे हेही वाळवून साठवणंच. आणि इथंच घात होतो. ही खपली खडखडीत सुकलेली आणि सावलीत, गार जागी असेल तर ती टिकते. पण नीट न सुकवता प्लास्टिकच्या पिशवीत बांधली, पत्र्याच्या गोदामात मे महिन्यात पडून राहिली, शेजारी खतं-कीटकनाशकं रचली, तर? आत ओल आहे म्हणून पेशी जागी होते. उजेड नाही म्हणून अन्न करता येत नाही. उकाडा आहे म्हणून श्वास जोरात चालतो. बिचारी साठवलेलं खात खात संपते. पाकिटावरची तारीख चालू असते, आतला जीव गेलेला असतो. माझ्या आजच्या बोलण्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा: चालू ठेवणंही जपणं आहे, पूर्ण थांबवणंही जपणं आहे; मारतं ते अधलंमधलं. ना जगू दिलं, ना झोपू दिलं.

१९८७ साली एक महत्त्वाची पाहणी छापली गेली. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतले पिअर रॉजर आणि त्यांचे सहकारी यांनी भारतासह काही देशांतल्या भातमातीचे शंभरावर नमुने तपासले. नायट्रोजन पकडणारं निळं-हिरवं शेवाळ प्रत्येक नमुन्यात सापडलं. बऱ्याच ठिकाणी तर पाकिटातून जेवढं टाकायला सांगतात त्याहून जास्त आधीपासूनच हजर होतं. ज्याच्यासाठी आपण दुकानात गेलो ते पायाखालीच होतं.

मग वेल्ह्याचं खाचर म्हणजे काय हो? डिसेंबर ते मे ते कोरडं, भेगाळलेलं, तव्यासारखं तापलेलं. ही साठवण. जूनमध्ये पाणी, चिखलणी, आवणी. ही विरजणाची वेळ. वाळवणं आणि चालू ठेवणं हे दोन्ही मार्ग एकाच वाफ्यात, दर वर्षी, आलटून पालटून. जे इथला उन्हाळा सोसू शकलं नाही ते गळालं, जे इथल्या धो धो पावसात उठू शकलं नाही तेही गळालं. बांध धरून पाणी अडवणाऱ्या, चिखल तुडवणाऱ्या माणसांनी नकळत ही राखण केली. भोर संस्थानच्या काळापासूनची नव्हे, त्याच्याही फार आधीपासूनची. तिची नोंद कुठल्याही कॅटलॉगमध्ये नाही.

आणि ती आज मोडते आहे. पुण्यापासून इतक्या जवळच्या डोंगरउताराला काय भाव आलाय ते तुम्हाला मी सांगायला नको. खाचर विकलं की बांध फोडला जातो, भराव पडतो, वरची वीतभर माती कुठंतरी वाहून नेली जाते. शेवाळ राहतं ते त्या वरच्या थरातच. जिथं शेती चालू आहे तिथं मजूर मिळत नाही म्हणून तणनाशक येतं; हिरव्या पानाला मारणाऱ्या अनेक औषधांना शेवाळ आणि तण यांतला फरक कळत नाही. विकणाऱ्यावर माझा राग नाही. भातानं घर चालत नसेल तर बांध कुणासाठी राखायचा, या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण जे जातंय त्याची निदान एक प्रत तरी असावी.

म्हणून माझी एक सूचना आहे, खर्च जवळजवळ शून्य. रॉथमस्टेडची रीत उचला. एप्रिलमध्ये, माती खडखडीत असताना, आपल्या खाचराच्या वरच्या बोटभर थरातली ओंजळभर माती घ्या. सावलीत आणखी वाळवा. कोरड्या काचेच्या बाटलीत भरून घट्ट बूच लावा. अंधाऱ्या, गार कोपऱ्यात ठेवा. बाटलीवर लिहा: गाव, गट नंबर, तारीख, भाताची जात, खत-औषध काय वापरलं. दोन बाटल्या करा. एक घरात, दुसरी गावच्या शाळेत किंवा तालुक्याच्या महाविद्यालयात. शेजारणीचं विरजण विसरू नका. आणि लेबल विसरू नका. नावगाव नसलेली माती ही नुसती माती.

अशा बाटलीत सगळंच टिकणार नाही. नाजूक जाती पहिल्या काही वर्षांतच जातील. बाटली म्हणजे खाचर नव्हे. तिथं दर वर्षीची परीक्षा नाही, बेडूक नाहीत, बगळे नाहीत, भातही नाही. खाचर चालू राहणं हेच खरं जपणं. बाटली ही फक्त पडत्या काळाची तरतूद. पण ज्यांनी रॉथमस्टेडला माती भरली त्यांना तरी कुठं ठाऊक होतं की सत्तर वर्षांनी कुणी एक बाई त्यावर पाणी घालून हिरवं काही उगवतंय का पाहत बसेल? साठवणाऱ्याला आपण काय साठवतोय ते पूर्ण कळलेलंच असावं लागतं असं नाही. त्यानं कोरडं ठेवावं, नाव लिहावं आणि पुढच्याच्या हाती द्यावं.

येत्या एप्रिलमध्ये भोर आणि वेल्हे परिसरातून शंभर बाटल्या जमल्या तरी मोठं काम झालं असं मी समजेन. प्रश्न असतील तर विचारा, चहा यायला अजून दहा मिनिटं आहेत.